यमाने देऊ केलेले रथ

कठोपनिषदात नचिकेता मृत्यूचे रहस्य विचारतो, तेव्हा ते सांगण्याचे टाळून यमधर्म त्याच्यापुढे जी प्रलोभने मांडतो त्यांत शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सुवर्ण आणि विस्तीर्ण भूमी यांच्या जोडीला रथांत बसलेल्या अप्सराही आहेत. आणि तो कोवळ्या वयाचा मुलगा, ही वाहने आणि हे नृत्यगीत तुझे तुलाच लखलाभ, अशा आशयाचे उत्तर देऊन ते सगळे परत करतो. श्रेयस म्हणजे हिताचे आणि प्रेयस म्हणजे आवडीचे, यांचा विवेक यम सांगतो तो यानंतर. वाहनाचा मोह इतका पुरातन आहे की आत्मविद्येच्या उंबरठ्यावरच त्याची झडती घेतली गेली आहे. तेव्हा अमेरिकेतील जुन्या मोटारींविषयी त्या देशातील असंख्य शहाण्यासुरत्या माणसांना आजही जे प्रेम वाटते, आणि नवी मोटार मोजता येईल अशा प्रत्येक बाबतीत सरस आहे हे ठाऊक असूनही जे ओसरत नाही, त्याचा मामला याच कसोटीवर चालविण्यास हरकत नसावी.

या प्रेमाचा विषय नीट कळण्यासाठी १९५९ सालची कॅडिलॅक डोळ्यांपुढे आणावी. लांबी पावणेएकोणीस फूट, वजन दोन टनांहून अधिक, दर्शनी भागी क्रोमचा लखलखाट, आणि मागे दोन्ही अंगांस, बंदुकीच्या गोळीसारखे जोडदिवे ज्यांत जडविले आहेत असे उंचच उंच पंख. या पंखांना उड्डाणाशी काडीचेही कर्तव्य नव्हते. जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या मनात लॉकहीड कंपनीच्या पी-३८ या दुहेरी शेपटीच्या लढाऊ विमानाची आकृती भरली, तिच्या प्रेरणेने १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन इवलेसे उंचवटे फुटले, आणि पुढील दहा-अकरा वर्षे प्रतिस्पर्धी कंपन्यांशी चाललेल्या चढाओढीत ते वाढत वाढत या हास्यास्पद, पण नजर खिळवून ठेवणाऱ्या उंचीला जाऊन पोहोचले. यामागील अर्थनीती मात्र अर्ल यांच्याहून जुनी. हेन्री फोर्ड यांनी १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी ही एकच गाडी, जवळजवळ एकाच रूपात, दीड कोटींवर विकली. तिला मात देण्यासाठी जनरल मोटर्सचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यांनी दरसाल नवे रूप बाजारात आणण्याचा शिरस्ता पाडला, जेणेकरून गतवर्षीची धडधाकट गाडी शेजाऱ्याच्या दारातील नव्या गाडीपुढे आपोआप म्हातारी दिसावी. १९५४ साली ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने या नीतीला ‘नियोजित कालबाह्यता’ हे नाव लोकप्रिय करून दिले आणि त्यात त्याला लाज वाटण्यासारखे काही दिसले नाही. प्रेयसाची इतकी निःसंकोच, इतकी कारखानदारी उपासना मानवी इतिहासात क्वचितच झाली असेल.

तिची किंमत काय पडली, हेही १९५९ सालाच्याच दप्तरात नोंदलेले आहे. ज्या १९५९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटारींचे पंख सर्वांत उंच झाले, त्याच साली स्वीडनमध्ये नील्स बोलिन या अभियंत्याने तयार केलेला तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा व्होल्व्हो कंपनीने आपल्या गाड्यांना बसविला. आणि त्याच साली अमेरिकेतील विमा कंपन्यांनी महामार्ग-सुरक्षेसाठी एक संस्था स्थापन केली. या संस्थेने आपला सुवर्णमहोत्सव २००९ मध्ये मोठ्या मार्मिक रीतीने साजरा केला: १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची ताशी चाळीस मैल वेगाने समोरासमोर टक्कर करविण्यात आली. बेल एअरमधील बैठकीची जागाच चेपून गेली आणि चालकाच्या जागी ठेवलेला पुतळा माणूस असता तर तो वाचला नसता. मॅलिबूतील पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा होण्याची शक्यता तेवढी आढळली. ‘पूर्वीचे लोखंड दणकट असे’ असे म्हणणाऱ्यांनी ही चित्रफीत अवश्य पाहावी. लोखंड दणकट होते खरे, परंतु आघाताचा जोर स्वतः पचविण्याची त्याला शिकवण नव्हती, म्हणून तो जोर आतील माणसाला पचवावा लागे, आणि चालकाच्या छातीवर रोखलेला सुकाणूचा ताठ दांडा त्या कामी हयगय करीत नसे. राल्फ नेडर यांचा ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला, १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि त्या साली दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे सुमारे साडेपाच असलेले मृत्यूचे प्रमाण पुढील अर्धशतकात दीडाच्याही खाली उतरले. पेट्रोलमधील शिसे, जे मुलांच्या मेंदूत मुक्कामाला जात असे, ते अमेरिकेच्या रस्त्यांवरून १९९६ मध्ये कायमचे हद्दपार झाले. श्रेयस कोणत्या बाजूला आहे, याविषयी वाद संभवत नाही.

आणि तरीही निकाल इतक्यात लिहून टाकावा असे मला वाटत नाही. जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की कार्यकारणभाव उघड्यावर मांडलेला दिसतो: पायाखालचा दांडा दाबला की तार ओढली जाते, तार कार्बुरेटरची झडप उघडते, हवा-पेट्रोलचे मिश्रण आत जाते, डिस्ट्रिब्युटर ज्या त्या प्लगला ठिणगी वाटून देतो आणि दट्ट्या खाली लोटला जातो. साधारण बुद्धीचा, हातांना तेल लागण्याची लाज नसलेला मनुष्य हे सारे एका दुपारी समजून घेऊ शकतो. नव्या मोटारीचे बॉनेट उघडले तर एक काळे प्लास्टिकचे झाकण दिसते; पायाची आज्ञा तारेने जात नाही, ती संगणकाकडे अर्जाच्या रूपाने जाते आणि तो ती योग्य वाटेल तितकी मंजूर करतो. हा संगणक बहुधा आपल्याहून शहाणाच असतो, ही गोष्ट निराळी. कठोपनिषदाने पुढे देहाला रथाची उपमा देताना बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले. नव्या रथात सारथ्याची निम्मी मुखत्यारी रथाकडेच गेली आहे, आणि जुन्या गाडीच्या प्रेमात जी काही सात्त्विकता आहे ती या गेलेल्या मुखत्यारीच्या आठवणीतून आली आहे असे मी समजतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जी गाडी वर्षभरात नकोशी व्हावी म्हणून घडविली गेली, तिचा साठ-साठ वर्षांनी जीर्णोद्धार चालतो: गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, क्रोमचा मुलामा पुन्हा चढवितात, बैठका नव्याने शिवतात, आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या मूळ क्रमांकाशी जुळतो की नाही याची एखाद्या वतनाच्या सनदेसारखी खातरजमा करतात. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की दांडी, आस, चाके, यांतला रथ कोणता, आणि राजाला कबूल करावे लागते की रथ हे या सगळ्यांच्या आधाराने ठेवलेले एक नाव आहे. क्रमांक जुळविणारा संग्राहक नागसेनाला मानत नाही. त्याला मूळ वस्तूच हवी, आणि तिच्यासाठी तो सढळ हाताने पैसा मोजतो. पण स्वतः राबून, पाच-पाच गाड्यांचे सुटे भाग एकत्र करून एक चालती गाडी उभी करणाऱ्याला नागसेन सहज पटेल, कारण त्याचे प्रेम वस्तूवर कमी आणि सेवेवर अधिक असते. स्लोन यांनी जागविलेली वासना पाहता पाहता विझावी अशीच योजना होती. तिच्या जागी येथे निष्ठा उगवली, हे त्यांच्या हिशेबात कोठेही नव्हते.

ही निष्ठा नेहमी स्वेच्छेची असते असेही नाही. हवाना शहरात क्रांतीपूर्वीच्या अमेरिकन गाड्या, पुष्कळदा परक्या डिझेल इंजिनांवर, अजून उतारू वाहतात, कारण व्यापारबंदीनंतर दुसरा इलाजच उरला नाही. आपल्याकडेही शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून गाड्या जुळवीत होता आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत डॉज आणि प्लिमथ जुळू लागल्या. दसऱ्याला झेंडूची माळ घातलेल्या त्या गाड्यांची निगा मालकांनी राखली ती नवी मिळण्याची मारामार होती म्हणूनही.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. या गाड्यांबरोबर ज्या मोकळ्या रस्त्यांची आठवण काढली जाते, ते सर्वांना सारखे मोकळे नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोणत्या गावी खाणावळ आणि रात्रीचा निवारा मिळेल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून तीसएक वर्षे छापावे लागत होते, आणि पंखांच्या कॅडिलॅकचा काळ त्याच तीस वर्षांत मोडतो. गाडीवर प्रेम करावे. तिच्या काळावर करण्यापूर्वी थांबावे.

तेव्हा माझा निवाडा असा: जुनी अमेरिकन मोटार प्रेयसच आहे, तिची मनोभावे केलेली सेवा सेवकाच्या पदरी थोडेफार श्रेयस टाकते, पण त्या श्रेयसाचा लाभ शेजारी बसलेल्याला होत नाही. ज्याच्या घरी अशी गाडी असेल त्याने ती खुशाल ठेवावी, रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवावी. मात्र मूळ रूप बिघडते अशी सबब न सांगता तिला सुरक्षापट्टे बसवून घ्यावेत, आणि मुलांना शाळेत पोहोचवायचे असेल तेव्हा नवी गाडी काढावी.