अंदाजपंचे फोर बाय फोर

काय म्हणालास? पिकअपला फोर बाय फोर करायचं ठरवलंयस? ठरवलंस म्हणजे नेमकं काय केलंस? कागद घेतलास? गाडीखाली शिरलास? की भंगारवाल्याकडे पुढच्या एक्सलची हौसिंग स्वस्तात पडलेली दिसली आणि जागच्या जागी ठरलं?

हसू नकोस. बस आणि ऐक.

तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांचे जॉब तू करतोस. ड्रॉइंग नसेल तर लेथला हात लावत नाहीस. दोन थाउ जास्त गेले तर जॉब बाजूला काढतोस. गिऱ्हाईक म्हणालं, "चालेल हो, बसेल तसं बसवा," तर त्यालाच चार शब्द सुनावतोस. बोईसरात तुझं नाव आहे ते यामुळेच. मग स्वतःच्या गाडीची वेळ आली की ही शिस्त कुठे तोंड लपवते? लोकांच्या जॉबला मायक्रोमीटर आणि स्वतःच्या गाडीला अंदाजपंचे दाहोदरसे? एखाद्या अडाण्याने हे खूळ काढलं असतं तर चहा पाजून परत पाठवलं असतं. तुला सगळं कळतं. म्हणून तर डोकं फिरतं.

"पुढे हौसिंग टाकली, मागे ट्रान्सफर केस लावली की झालं." काय झालं? ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागे बसते. तुझ्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट तिच्यात जातो का? पाहिलंस? ती बसली की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागणार. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स कुठे करणार? पुढच्या शाफ्टला वाट आहे, की सायलेन्सर आडवा येतो? पुढे पाटे आहेत की सुटं सस्पेन्शन? पाटे असतील तर ते पूर्ण दबल्यावर हौसिंग आणि इंजिनाचं चेंबर यांच्यात किती बोटं जागा उरते? सुटं असेल तर नकल, हब, ड्राइव्ह शाफ्ट सगळंच बदललं. ब्रेकच्या नळ्या आल्या, स्टिअरिंगचे कोन आले. यातलं एक तरी माप वहीत लिहिलंयस? वही तरी घेतलीस का?

बरं, हे सगळं बसलं असं धरू. आता दात मोज. समज, तुझ्या मागच्या क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १०. रेशो ४.१. भंगारातल्या जुन्या जीपच्या हौसिंगला क्राउन ४३ दातांचा, पिनियन ८ चा. रेशो ५.३८. फोर व्हीलचा दांडा ओढलास की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. मग सारख्या टायरवर मागचं चाक १०० मीटर जायला निघेल तेव्हा पुढचं ७६ मीटरच जाऊ बघेल. उरलेले २४ मीटर कुठे ठेवणार आहेस? खिशात? तो फरक टायर खाईल, क्रॉस तोडेल, नाहीतर ट्रान्सफर केसचे दात काढून हातात देईल. हे गणित तुला सातवीतल्या पोराने सोडवून दिलं असतं. तू विचारलंच नाहीस, कारण उत्तर काय येणार ते तुला ठाऊक होतं.

आणि रेशो जुळला तरी सुटलास असं समजू नकोस. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाक घसरतं, तो फरक निघून जातो. सुक्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टमध्ये पीळ भरत जातो. म्हणून असला फोर व्हील चिखल संपला की काढायचा असतो. तू काढशील? वाघोबा खिंडीतून पालघरला येताना मोबाईलवर बोलत असशील आणि दांडा तसाच राहिलेला असेल. तुझी सवय मला नव्याने सांगू नकोस.

आता मूळ रडगाण्याकडे येऊ. "पावसात विक्रमगडच्या शेतावर गाडी रुतते." रुतते ना? टायर दाखव. हे मागचे दोन बघ, नक्षी गेलीय, हात फिरवला तर गुळगुळीत लागतात. हौदा रिकामा, मागे वजन नाही, बांधावरचा चिखल ओला, आणि तू पहिल्या गिअरमध्ये रेस देतोस. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म उभं. का? साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही त्याच्याइतकाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. हे तू शिकलायस, परीक्षेत लिहिलंयस, मार्क घेतलेस. मग चांगले खोल नक्षीचे टायर का नाही घातलेस? एक्सलच्या वर रेतीच्या चार गोणी का नाही टाकल्यास? दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश का नाही काढलीस? फिरणारं चाक आवरायला हँडब्रेक दोन दाते ओढून का नाही पाहिलास? फावडं, दोन फळ्या, दोरखंड गाडीत का नाहीत? बांधावर चुलत्याचा ट्रॅक्टर उभा असतो, त्याला हाक मारायला कमीपणा वाटतो का? नाचता येईना अंगण वाकडं. अंगण बदलायला निघालायस, तेही वेल्डिंग करून.

आणि केळव्याच्या पुळणीचं नाव तर काढूच नकोस. तिथे तुझं कुठलं शेत आहे? मित्रांसमोर गाडी उधळायची, व्हिडिओ काढायचा, एवढंच ना? रिकामी गाडी पुळणीत न्यायची तर टायरमधली हवा कमी करतात, वर आल्यावर पुन्हा भरतात. याला फुकटात होणारं काम म्हणतात. पण फुकटातल्या कामाचा व्हिडिओ होत नाही. खारं पाणी पुढच्या हबमध्ये शिरलं की बेरिंगचं काय होतं, हे सातपाटीच्या बंदरावर मासळी भरायला येणाऱ्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचार.

"कोण बघतंय?" हेही म्हणालास. बघणारे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केलास तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तुझी गाडी मालवाहू आहे. फिटनेसला पुन्हा पुन्हा उभी राहणार. तिथे हौसिंग काय टोपलीखाली झाकणार आहेस? आणि उद्या चिल्हार फाट्यावर कुणाला ठोकलंस, तर विम्याचा सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकेल. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची एवढी हौस का?

खरंच फोर व्हील लागतं? रोज लागतं? मग विकत घे. बोलेरो पिकअप, बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा, या तिघींतही कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली आहे. जुनी शोध. तिथे चासी, पाटे, रेशो, ब्रेक एकमेकांना बसवून तपासलेले असतात आणि आरसीवर तसं लिहिलेलं असतं. ही गाडी विकून येणारे पैसे एका बाजूला मांड. दुसऱ्या बाजूला हौसिंग, ट्रान्सफर केस, शाफ्ट, लेथवर जाणारे तुझेच दिवस आणि गाडी उभी असताना बुडणारी भाडी मांड. भाडी विसरू नकोस. तू नेहमी तीच विसरतोस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे बेरीज झाल्यावरच दिसतं. म्हणून तू बेरीजच करत नाहीस.

तुझं दुखणं गाडीत नाही. टायर बदलणं कंटाळवाणं. ग्रीस मारणं कंटाळवाणं. हिशेब लिहिणं तर त्याहून. म्हणून एकदम मोठं काहीतरी काढायचं, की लहान कामं आपोआप झाकली जातात. चार लोक "वा, काय डोकं आहे" म्हणतात आणि तू खरं मानतोस. डोकं आहेच. वापरत नाहीस, एवढीच तक्रार आहे.

आता जा. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल कधी बदललं होतंस ते आठव. आठवत नसेल तर आजच बदल. रविवारी टायरचा भाव विचार, जुन्या फोर बाय फोरचा भाव विचार, दोन्ही आकडे वहीत लिही. सोमवारी सकाळी वही घेऊन ये. टायर की गाडी, एकाच शब्दात सांग. तिसरा शब्द तोंडातून काढलास तर तुझ्या लेथवरचं पुढचं ड्रॉइंग मी स्वतः फाडीन आणि म्हणेन, "चालेल हो, बसेल तसं बसव."