एका फोटोत न मावणारं कुरकुंभ

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्याला कुरकुंभ दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं: फिरंगाई मातेचं देऊळ आणि केमिकल कंपन्यांची एमआयडीसी. वर्तमानपत्रात मात्र हे गाव बहुधा एका फोटोपुरतं येतं. कंपनीत आग लागली की ज्वाळांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी इथल्या एका कारखान्यातून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा जप्त मालाचा. असा फोटो खोटा नसतो. पण त्यात आदला दिवस नसतो आणि नंतरचाही नसतो. अशा गावाची गोष्ट सांगायची तर फोटोंची मालिकाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

ही रीत आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरच्या चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले. एक चित्र मागे जातं, दुसरं पुढे येतं; मधली जागा कथेकऱ्याचा आवाज भरून काढतो. फोटोंच्या मालिकेत ती जागा बघणाऱ्याने भरायची असते. आधी रिकामा हंडा आणि मग टँकर लावला, तर दिलासा मिळतो. आधी टँकर आणि मग रिकामा हंडा लावला, तर प्रश्न उरतो. फोटो तेच, पण क्रम लावताना फोटोग्राफरचा प्रामाणिकपणा पणाला लागतो.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. कचऱ्यात, गटारात उतरलेली माणसं दाखवून ते थांबले नाहीत. त्यांच्या घरापर्यंत गेले. नुसतं गटार पाहून किळस येते किंवा कीव. त्याच माणसाचा संसार पाहिल्यावर मात्र तो कोणाच्या सोयीसाठी तिथे उतरला, हा प्रश्न टाळता येत नाही.

कारखान्यांच्या गावासाठी मोठा धडा जपानमधल्या मिनामाताचा आहे. तिथे चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा मासळीवाटे माणसांच्या शरीरात गेला. १९५६ मध्ये त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. युजीन आणि आयलीन स्मिथ हे दांपत्य १९७१ पासून सुमारे तीन वर्षं तिथे राहून फोटो काढत होतं. त्यातला एक जगभर गेला: जन्मतःच पाऱ्याची बाधा झालेल्या मुलीला न्हाणीत अलगद धरून बसलेली आई. मुलगी गेली, तरी फोटो फिरतच राहिला. अखेर तिला आता विसावा मिळावा, असं आईवडिलांना वाटलं; त्या इच्छेचा मान राखून आयलीन यांनी फोटोचा नवा वापर थांबवला. मालिकेतून सुटलेला फोटो माणसाला निव्वळ दुःखाची खूण करून टाकतो.

कुरकुंभची मालिका निदान वर्षभराची हवी. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर पडणारे कामगार, परप्रांतातून आलेल्यांच्या भाड्याच्या खोल्या, उसाचा फड, नवरात्रातलं देऊळ. एखादी विहीर निवडून तिचा फोटो दर ऋतूत त्याच जागेवरून काढावा. कंपनीच्या पगारावर उभं राहिलेलं घर त्यात यावं आणि पाण्याविषयीची काळजीही यावी. एक गाळून दुसऱ्याची गोष्ट पुरी होत नाही. मोबाइल गावातल्या पोरापोरींच्या हातात आहेच, बाहेरच्या कोणाची वाट बघायला नको. ही मालिका पुण्या-मुंबईच्या कलादालनाआधी ग्रामसभेत लागावी. फोटोत जे आहेत, त्यांना ‘हा काढून टाक, तो आधी लाव’ असं म्हणता आलं पाहिजे आणि त्यांचं ऐकून क्रम बदलण्याची तयारी फोटो काढणाऱ्याने ठेवली पाहिजे. गावाची गोष्ट गावाने तपासून घ्यावी, एवढा त्याचा हक्क आहेच.