हक्काआधी मुदत

वकील नसलेल्या माणसाला कायदा शिकवायचा तर सुरुवात हक्कांपासून करायची, असा आपल्याकडे पायंडा पडला आहे. विधी साक्षरता शिबिरात संविधानाची प्रस्तावना वाचली जाते, महिला, बालके, ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठीच्या कायद्यांची नावे सांगितली जातात, मान्यवरांचा सत्कार होतो आणि आभारप्रदर्शनानंतर फलकासमोर छायाचित्र निघते. यातले काही चुकीचे नाही. पण गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावात माणूस जिथे प्रत्यक्ष हरतो, ती जागा या कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. अर्ज दिला पण पोच घेतली नाही, आदेश झाला पण त्याची प्रत मागितली नाही, अपिलाची सोय होती पण दिवस उलटून गेले, अशा ठिकाणी दावे मरतात, आणि वकिलाची पायरी चढण्याआधीच मरतात. म्हणून मोफत कायदा वर्गांचा अभ्यासक्रम मुदत आणि कागद यांच्याभोवती उभा करावा आणि हक्कांची ओळख त्यांच्या मागून यावी, असे माझे म्हणणे आहे.

सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग इथून जातो, गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर गावाचे स्थानक आहे, आणि हा सारा मुलूख धानाची शेती, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा. इथल्या माणसाची कोणत्या कायद्याशी गाठ पडणार, हे एवढ्यावरून कळते. महामार्गावर घरातले माणूस गेले तर मोटार अपघात नुकसानभरपाईचा दावा करावा लागतो. हा दावा दाखल करण्याची मुदत १९९४च्या दुरुस्तीने काढून टाकली होती. २०१९च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२पासून सहा महिन्यांची मर्यादा लागू झाली. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; पण आव्हानाचा निकाल काय लागेल या भरवशावर कोणी दावा घरी ठेवू नये. पोलिसांनी अपघाताचा तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि तोच अर्ज समजता येतो, अशीही सोय कायद्यात आहे. मात्र तो अहवाल गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारायचे असते हेच दुःखातल्या कुटुंबाला कोणी सांगत नाही. भरपाई हा आपला हक्क आहे, हे त्या कुटुंबाला साधारण ठाऊक असतेच. सहा महिने कधी संपतात, हे ठाऊक नसते.

जमिनीचेही तसेच. वारसाची किंवा खरेदीची नोंद फेरफार म्हणून धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्याविरुद्ध अपिलाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार साठ दिवस आहेत. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे, हे आज खेड्यातही बहुतेकांना माहीत आहे. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतात. तिला वाटा आहे हे सांगणारे भाषण तिथे अपुरे पडते. सही करण्याआधी कागद पूर्ण वाचून घेणे, त्याची प्रत मागणे, फेरफाराच्या नोटिशीवर तारीख पाहणे, हरकत लेखी देऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि सहीशिक्का घेणे, ही कौशल्ये आहेत. ती हातात कागद धरूनच येतात.

याचा सर्वांत मोठा पुरावा वनहक्काच्या दाव्यांत आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालचे नियम गरिबाच्या बाजूने विचार करून लिहिलेले आहेत. गावच्या वनहक्क समितीने दावा स्वीकारून पोच द्यायची, एकाहून अधिक पुरावे लागत असले तरी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्यांत चालतो, दावा फेटाळला तर कारणे नोंदवून दावेदाराला कळवायची, आणि मग साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि दोनच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, स्वतःच तो थांबवला. दरम्यान केंद्र सरकारनेच न्यायालयाला सांगितले होते की अनेक ठिकाणी फेटाळणीचा निर्णय दावेदारापर्यंत पोहोचलेला नाही, कारणेही दिलेली नाहीत. म्हणजे साठ दिवसांचे घड्याळ सुरू झाले की नाही, हेच ज्याला कळले नाही त्याचे अपील बुडाले होते. वर्गात नियमाचे हे एक पान नीट शिकवले असते, तर किती जणांनी ‘निर्णयाची प्रत द्या’ असा अर्ज आधीच टाकला असता!

पूर्व विदर्भात महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ असलेल्या जमिनींच्या प्रश्नात तर सगळे तारखेवरच येऊन ठेपले आहे. २२ मे २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच ठरवली. १२ डिसेंबर १९९६पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, त्यानंतरच्या वाटपाची कारणे द्यावी लागतील, अशी रेघ त्या निकालाने मारली. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सहा जिल्ह्यांत घरे, शाळा, शेते अशा जमिनींवर आहेत आणि गोंदिया त्यांत आहे. पट्टा कोणत्या तारखेचा आहे, त्यावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे, मूळ कागद कुठे आहे, हे तपासण्याची एक दुपार इथे दहा व्याख्यानांपेक्षा कामाची ठरेल.

पहिला आक्षेप असा येईल की सरकारने मोफत वकील दिलाच आहे, मग वर्ग कशाला? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चा; तो ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा मिळते; इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. सौंदडच्या निम्म्याहून अधिक लोकांना ही सेवा नुसती मागितली तरी मिळेल. पण ती मागायची असते हे तरी कळायला हवे ना? सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये सुक दास खटल्यात अरुणाचल प्रदेशातल्या आरोपीची शिक्षा याच मुद्द्यावर रद्द केली. मोफत वकील मिळू शकतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते; त्याने तो मागितलाच नाही, ही सबब न्यायालयाने ऐकून घेतली नाही. दुसरे असे की वकील साधारणपणे न्यायालयात भेटतो आणि नुकसान त्याच्या आधी होते: तलाठ्याच्या टेबलावर, बँकेच्या काउंटरवर, वन विभागाच्या कार्यालयात. अधिनियमाच्या व्याख्येत विधी सेवेमध्ये कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही येतो. खटला उभा राहण्याची अट तिथे नाही. व्यवहारात मात्र आपण विधी सेवेचा अर्थ वकीलपत्रापुरता आकसून घेतला आहे.

वकीलवर्ग दुसरा आक्षेप घेईल: अर्धवट ज्ञान घेऊन माणूस स्वतःच खटला चालवेल आणि बुडवेल. ही भीती खोटी नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याला कायद्यात आडकाठी नसली, तरी दिवाणी दाव्यातला पुरावा नवख्या माणसाने हाताळणे धोक्याचेच. पण मी सुचवतो तो वर्ग युक्तिवाद शिकवणारा नाही. दावा जिवंत ठेवून वकिलापर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्या, असे सांगणारी आशाताई डॉक्टर होत नाही. तिच्यामुळे रोगी डॉक्टरकडे वेळेत जातो. मुदत टळल्यावर वकिलाला विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि तो फेटाळला तर चांगली केसही उभी राहत नाही. वेळेत आलेला पक्षकार वकिलालाही हवाच असतो.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे: गरिबाला कायदा शिकवणे म्हणजे सरकारने आपली जबाबदारी त्याच्याच डोक्यावर टाकणे, कायदाच सोपा करा. हा प्रयोग महाराष्ट्राने एकदा केलेला आहे. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९च्या शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, नगर, सोलापूर जिल्ह्यांत लहान दाव्यांतून वकिलांना बाहेर ठेवण्याची तरतूद केली. सावकाराकडे वकील आणि शेतकऱ्याकडे कोणी नाही अशी स्थिती असेल तर सरकारी वकिलाला शेतकऱ्याच्या बाजूने उभे करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. शेतकऱ्याचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावेत असे ठरवले. काळाच्या मानाने ही धाडसी योजना होती. तरीही सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागला. सोपा केलेला कायदाही शेवटी कागदावरच उभा असतो, आणि तो कागद वाचणारा एका बाजूला आणि अंगठा उठवणारा दुसऱ्या बाजूला असेल तर सोय पहिल्याच्याच कामी येते. त्यामुळे कायदा सोपा करणे आणि माणूस कागदाला तयार करणे ही दोन्ही कामे लागतात.

शिकवायचे कोणी, यावर सौंदडच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने उत्तर दिलेले आहे. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तिथे अभ्यासगट चालले. गावकरी कायदा स्वतः वाचत, वाद घालत, माहितगाराला बोलावून प्रश्न विचारत, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होत. वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव वाचायला तयार होते. २००९मध्ये देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होते, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा झगडा लढून २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हातून परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेने घेतले. तिथले शिक्षण वर्षानुवर्षे चालणारे होते आणि त्यात वक्ता एक व श्रोते अनेक अशी मांडणी नव्हती. शिवाय ज्या कार्यालयाच्या आदेशाविरुद्ध दाद मागायची त्याच कार्यालयाच्या अधिकाऱ्याला प्रमुख पाहुणा करून शिबिर घेतले, तर खरा प्रश्न कोण विचारील? लोकांना बसायला वेळ नसतो, असेही कोणी सांगू नये. झाडीपट्टीतली नाटके रात्रभर चालतात आणि लोक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. सुगीनंतरचे दोन महिने, आठवड्याला एक बैठक, ज्याने त्याने घरचा खरा कागद आणायचा, आणि सोबत विधी सेवा प्राधिकरणाचा प्रशिक्षित पॅरा लीगल स्वयंसेवक: एवढ्यात वर्ग उभा राहतो. अडले तर १५१०० हा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे.

राहिला जबाबदारी झटकण्याचा मुद्दा. सरकारला आपला वाटा उचलायचाच असेल तर गावातल्या माणसाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक महसुली आणि वनहक्काच्या आदेशाखाली दोन ओळी मराठीत असाव्यात: याविरुद्ध अपील कोणाकडे, आणि शेवटची तारीख कोणती. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही, तहसील कार्यालयातला एक रबरी शिक्का पुरतो.