प्रतिनिधीचा प्रश्न

यज्ञासाठी ठरविलेले द्रव्य ऐन वेळी मिळाले नाही तर काय करावे, हा प्रश्न जैमिनींनी पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात विचारला आहे, आणि रुक्ष कर्मठपणाबद्दल ज्या शास्त्राची आपण आजवर थट्टा करीत आलो त्या शास्त्राने त्याचे उत्तर मोठ्या व्यवहारी बुद्धीने दिले आहे. व्रीही नसतील तर नीवार घ्यावेत, सोमवल्ली नसेल तर पूतीक घ्यावा. गुणाने जवळचे द्रव्य प्रतिनिधी म्हणून चालते, आरंभलेले कर्म मोडू नये. हा उदारपणा मात्र एका रेषेपाशी थांबतो. ज्या देवतेला उद्देशून आहुती द्यावयाची ती देवता, ज्यात द्यावयाची तो अग्नी, जो म्हणावयाचा तो मंत्र आणि ज्याचे ते कर्म तो स्वामी, यांना प्रतिनिधी नाही. आयुर्वेदानेही हीच वाट धरली. भावमिश्राने अमुक वनस्पतीच्या अभावी तमुक घ्यावी अशी यादीच देऊन ठेवली, परंतु वैद्याच्या अभावी कोणाला बसवावे याची यादी काही त्याने दिली नाही.

आता आपला चालू कायदा पाहावा. १९४५ च्या औषध नियमांतील पासष्टाव्या नियमाप्रमाणे, ‘एच’, ‘एच-वन’ अथवा ‘एक्स’ या परिशिष्टांतील औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले असेल त्याच नावाचे दिले पाहिजे. घटक तोच, मात्रा तीच, किंमत निम्मी, अशी दुसऱ्या कंपनीची गोळी शेजारच्याच खणात पडलेली असली तरी ती दुकानदाराला आपल्या अखत्यारीत देता येत नाही. द्रव्याला प्रतिनिधी नाही. त्याच नियमात असेही म्हटले आहे की चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने (फार्मासिस्टने) स्वतः अथवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. ही तरतूद कशी पाळली जाते हे आमच्या शहरात घाटीच्या दवाखान्याबाहेर, औरंगपुऱ्यात किंवा सिडकोत सायंकाळच्या गर्दीच्या वेळी मेडिकलच्या काउंटरशी उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कित्येक ठिकाणी भिंतीवर चौकटीत पदविकाधारकाचे प्रमाणपत्र, त्याखाली परवाना. आणि काउंटरमागे बारावी झालेला, चलाख, नम्र, दिवसभर उभा असलेला मुलगा. ‘सर्टिफिकेट लावले आहे’, म्हणजे पदविका भाड्याने दिली आहे, हा या व्यवसायातील रोजचा वाक्प्रयोग. थोडक्यात, मीमांसकांनी जेथे मोकळीक दिली तेथे आपण पहारा बसविला आणि जेथे पहारा बसविला तेथे फाटक उघडे टाकले.

हा प्रकार महाराष्ट्राला अगदी अपरिचित आहे असेही नाही. पेशवाईत वतनदार एका गावी, त्याचा मुतालिक किंवा गुमास्ता दुसऱ्या गावी, हक्क व मानपान वतनदाराचे आणि लेखणी घासण्याचे काम गुमास्त्याचे, अशी रीत सर्वमान्य होती. भाड्याने दिलेली पदविका हे त्याच जातीचे वतन होय. फरक इतकाच की जुन्या वतनदाराच्या दप्तरात खोट आली तर सरकार त्याला जाब विचारीत असे, आणि नव्या वतनदाराला आपल्या नावावर आज कोणती गोळी कोणाच्या पोटात गेली याची वार्ताही नसते.

कायद्याने हे ओळखले नव्हते असे नाही; ओळखण्यात आणि अंमलात आणण्यात मात्र विलक्षण अंतर पडले. औषधव्यवसायाचा कायदा झाला १९४८ साली, त्याच वर्षी आमचा मराठवाडा निजामी अंमलातून सुटला. नोंदणीकृत व्यक्तीवाचून कोणी चिठ्ठीवरील औषध देऊ नये, हे त्यातील बेचाळिसावे कलम. पण ते केव्हापासून लागू करावयाचे हे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले. अखेर १९७६ च्या दुरुस्तीने मुदत घातली आणि ती सप्टेंबर १९८४ मध्ये संपली. छत्तीस वर्षे एक कलम तारखेची वाट पाहत होते! त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, १९८६ च्या आरंभी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने जे उघडकीस आणले त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की खरेदी, पुरवठा, चाचणी, परवाना या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी हुद्देदार नेमलेला होताच. माणसे होती; पाहणारा नव्हता. तेच विष २०२५ साली खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या बालकांना बाधले आणि त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणावे लागले.

मध्यंतरी २०११ नंतर अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे हा आग्रह धरला, तेव्हा राज्यभर गदारोळ उठला आणि दुकाने बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. दुकानदारांच्या गाऱ्हाण्यात अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. २०१३ च्या किंमत-नियंत्रण आदेशाने अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के ठरवून दिले. तेवढ्यात जागेचे भाडे, विजेचे बिल, मुदत संपलेला माल आणि एका पदविकाधारकाचा बरा पगार बसविणे लहान गावच्या दुकानाला जड जाते. परंतु त्या वादात खरा आक्षेप वेगळाच होता आणि तो तत्त्वाचा होता. दुकानदार विचारीत असत, वीस वर्षे काउंटरवर काढलेल्या आमच्या माणसाला परवा पदविका घेतलेल्या पोरापेक्षा अधिक कळते, मग कागदाचे एवढे स्तोम कशासाठी?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या जुन्या माणसाला गल्लीतील प्रत्येक डॉक्टरचे अक्षर लागते. कोणत्या आजीबाईला साखरेची गोळी चालू आहे हे तो चिठ्ठी न पाहता सांगतो. ज्ञान त्याच्यापाशी आहे हे मी मान्य करतो. त्याच्यापाशी नाही ती नकाराची सत्ता. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात यज्ञातील ब्रह्मा नामक ऋत्विजाचे वर्णन आहे. इतर ऋत्विज मंत्र म्हणतात, आहुती देतात. हा मात्र मौन धरून बसतो, मनाने साऱ्या कर्मावर लक्ष ठेवतो आणि चूक झाली की प्रायश्चित्ताने ती सांधतो. असा जाणता ब्रह्मा जेथे असतो तो यज्ञ औषधोपचार केलेला असतो, असा त्या ऋषींचा अभिप्राय आहे. तोही दक्षिणा घेऊन बसलेला असतो, हे विसरू नये. तेव्हा औषधनिर्माता पगारी आहे म्हणून त्याची जबाबदारी उणावते, हा युक्तिवाद टिकत नाही. त्याचे काम डबी उचलून देणे हे नव्हेच, ते कोणीही करील. दोन औषधे एकमेकांशी भांडणारी आहेत, मात्रा दुप्पट पडली आहे, चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची आहे, हे पाहून हात आवरणे हे त्याचे काम.

आमच्या शहरात या नकाराची किंमत फार चढली आहे. झोपेच्या व मनःशांतीच्या गोळ्या येथे नशेसाठी ‘बटन’ या नावाने फिरतात आणि पोलिसांच्या धाडींच्या बातम्यांचा आता वाचकाला सराव झाला आहे. अशा औषधांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवण्याचा नियम २०१४ पासून आहे; पण मळकी, घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे करून उभ्या राहिलेल्या तीन तरुणांना रात्री साडेदहाला ‘मिळणार नाही’ असे सांगणे नोंदवहीला जमत नाही, आणि महिन्याअखेर मालकाला विक्रीचा हिशेब देणाऱ्या मुलालाही जमेलच असे नाही.

विसंगती इतकी की पाहून थक्क व्हावे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत गोळी तयार होताना कच्चा माल तोलण्यापासून पट्टी सीलबंद होईपर्यंत टप्प्याटप्प्याला कोणाची तरी सही लागते. एक सही राहिली तर सबंध बॅच अडकते. तीच पट्टी दुकानात आली की कात्रीने चार गोळ्या कापल्या जातात, बॅचचा क्रमांक व मुदतीची तारीख असलेला तुकडा खणात राहतो, आणि गिऱ्हाईक पाकिटावर खरडलेले १-०-१ घेऊन बाहेर पडते. शेवटच्या दोन हातांच्या अंतरात कोणाचीच सही नाही.

शिक्षणाकडे पाहावे तर तेथेही आशा बेताचीच. नवी महाविद्यालये काही वर्षे न काढण्याचा भारतीय औषधनिर्माण परिषदेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली टिकला नाही, कारण तो नुसत्या ठरावाने केला होता. पदविकेनंतरची निर्गम परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथम झाली. तिने वतन मिळविणे थोडे कठीण होईल, भाड्याने देणे मात्र पूर्वीइतकेच सोपे राहील. आता परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा मसुदा २०२३ अखेर पुढे आला असून त्यात नीतिमत्ता व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ कल्पिले आहे. त्या मंडळाने प्रत्येक बिलावर औषध देणाऱ्याची स्वहस्ते सही मागावी आणि त्या सहीच्या मोबदल्यात त्याला सम घटकाची स्वस्त गोळी बदलून देण्याचा अधिकार द्यावा, असे मी सुचवीन. डॉक्टर यावर रागावतील, कंपन्या त्याहून अधिक. आणि माझा तर्क असा आहे की सर्वांत मोठी तक्रार, ज्यांची प्रमाणपत्रे आज भिंतीवर टांगलेली आहेत आणि जे स्वतः दुसऱ्याच गावी दुसरीच नोकरी करीत आहेत, त्या पदविकाधारकांकडूनच येईल.