उपकर आणि अमानत

औषध शोधणे हे नेक काम आहे. मग त्यासाठी वाढणाऱ्या कराला विरोध करावा काय?

२०१८ मध्ये प्राप्तिकरावरील शिक्षण उपकर ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला व त्याच्या नावात ‘आरोग्य’ आले. मात्र वैद्यकीय संशोधनाचा वाटा त्यात ठरलेला नाही. याउलट सूरह तौबाने जकातीचे आठ हक्कदार नेमून दिले. निसाबाखालील माणसावर ती फर्जही नाही. कोणी द्यावे, कोणाला मिळावे, दोन्ही निश्चित. अमानत ती हीच.

म्हणून संशोधनाच्या नावे उपकर वाढवावयाचा तर विनियोग आधी ठरावा. तोवर विरोध रास्त होय. परंतु आपला पैसा तिजोरीत राहिला आणि मेहकरचा गरीब रुग्ण अकोल्याच्या शासकीय रुग्णालयात जाण्यास गाडीभाड्यावाचून अडला, तर तो विरोध न्यायाचा नव्हे, कंजूषपणाचा ठरेल.