रंग बघून इंजिन घेतलंस?

इसार देऊन मोकळा झालास? आणि वर मलाच सांगतोस, “सर, अर्ध्या सेल्फला सुरू होतं!” बैल घेताना शेतकरी जबडा उघडून दात बघतो, तू शिंगांचा हिंगूळ बघून पैसे मोजलेस. वर्षभर डिझेलच्या वर्गात बसून हेच शिकलास का?

सुरू होतंय याचं कौतुक ज्याला उद्या गाडीत टाकून पळवायचंय त्याला. तू तर ते नटबोल्टापर्यंत खोलणार आहेस. शिवाय तू पोचायच्या आधी विकणाऱ्याने गरम करून ठेवलं नव्हतं कशावरून? ब्लॉकला हात लावलास? ऑइलचं झाकण काढून धूर किती फेकतंय ते बघितलंस? नाही. फोटो मात्र काढलेस.

जुन्या १२१० गाडीचं टाटा ६९७ आहे. ९७ चा बोअर घासला असेल तर घासू दे. लायनर, पिस्टन, रिंगा बाजारात मिळतात, तो खर्च आज कागदावर मांडता येतो. खरा पैसा ब्लॉक, क्रँक, हेड आणि पंपात. खालचा ऑइल चेंबर उतरवायचा, एका बिगएंडची कॅप खोलायची, शेल काढून पालथा करायचा. पाठीवर साइज कोरलेली असते. ०.२५ निघाली तर ग्राइंडिंगला अजून जागा आहे. शेवटची साइज निघाली तर पुढचा शेलच मिळत नाही. मग तो क्रँक वजनावर घालायचा.

आणि तो ताजा रंग! इतक्या जुन्या इंजिनाला कोण हौसेने रंगवतं रे? रॉड तुटून ब्लॉकच्या कुशीतून बाहेर आला की भोक वेल्डिंगने बुजवतात आणि वर रंग फासतात. बोटं फिरवली असतीस तर कळलं असतं. इंजिन नंबरची जागा ग्राइंडरने साफ केलेली असेल तर विचारूच नको, आरटीओच्या आधी पोलीस भेटतील.

भाव काय धरलास? तो बोलला त्यातून दोन हजार कमी केले, आणि याला घासाघीस म्हणतोस! बांधून तयार झालेलं इंजिन कितीला जाईल तिथून सुरुवात कर. किट, बोरिंग, ग्राइंडिंग, पंपाचं कॅलिब्रेशन, मजुरी आणि खोलल्यावर निघणाऱ्या भानगडी वजा कर. उरेल त्यातून तुझा नफा काढ, मग तोंड उघड.

ऊठ आता. पाने, मायक्रोमीटर आणि पॉलिश पेपर घे. चेंबर खोलू देत नाही म्हणाला तर इसारावर पाणी सोड आणि परत ये. खोलू दिला तर शेल पुसून मला फोटो पाठव. पाठीचा, पोटाचा नको.