धाव सर्वांची, नोंद कोणाची?

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांना ‘पार्करन’ आता नवे राहिलेले नाही. शनिवारी सकाळी नऊ वाजता जवळच्या बागेत जायचे आणि पाच किलोमीटर धावायचे किंवा चालायचे. फी नाही आणि कोणाला हरवायचेही नाही. सर्वांत शेवटी एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे ‘शेवटचा’ असा शिक्का भाग घेणाऱ्या कोणावरही बसत नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-हेविट यांनी लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ धावपटूंसह सुरू केलेला हा उपक्रम आज अनेक देशांत पोचला आहे.

नाव नोंदवले की आपल्याला एक बारकोड मिळतो. धाव संपल्यावर स्वयंसेवक तो स्कॅन करतात आणि थोड्याच वेळात निकाल वेबसाइटवर येतो. त्यात नाव, क्रमांक, वेळ, वयोगट, आजवरच्या धावांची संख्या असे सारे असते आणि जगात कोणीही ते पाहू शकतो. हे योग्य आहे का?

खुलेपणाचे फायदे खरे आहेत. साठीच्या एखाद्या काकूंची वेळ महिन्यामागून महिना सुधारत गेलेली पाहून दुसऱ्या काकू बूट घालतात. २५, ५०, १०० धावा पूर्ण झाल्या की मैत्रिणी केक आणतात. शेफील्ड हॅलम विद्यापीठातले संशोधक या उपक्रमाचा आरोग्यावर होणारा परिणाम अभ्यासतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करनने प्रत्येक ठिकाणचे विक्रम आणि वेगवान धावपटूंच्या याद्या वेबसाइटवरून काढल्या. नवख्यांना त्यांचे दडपण येऊ नये, असे कारण दिले गेले. त्यावर केवढी नाराजी उसळली! अनेकांना वाटले की आपल्या घामाची नोंद आपल्याला न विचारता पुसली गेली. ही भावना चुकीची म्हणता येणार नाही.

मग खासगीपणाची चिंता कशाला? “शेकडो लोकांसमोरच तर धावलो, त्यात लपवायचे काय?” असे पुष्कळजण म्हणतात. हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. दिसणे वेगळे आणि नोंदले जाणे वेगळे. बागेत आपल्याला ज्यांनी पाहिले, ते सोमवारपर्यंत विसरून जातात. तक्ता मात्र विसरत नाही. दहा वर्षांचे शनिवार एकाखाली एक मांडले की ही व्यक्ती कोणत्या बागेत, किती वाजता असते, कोणत्या वर्षी सहा महिने गायब होती, कधीपासून तिची चाल मंदावली, हे सारे दिसू लागते. त्यावरून आजारपण किंवा बाळंतपण यांचे तर्क करता येतात. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर, नव्या गावात राहायला गेलेल्या बाईचा ठावठिकाणा शोधायला तिचे नाव आणि बागेचे नाव एवढे पुरेसे आहे.

केवळ नाव गाळले की भागते, असेही नाही. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये असंख्य लोकांच्या हालचालींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात नाव एकाचेही नव्हते. तरी जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले की सीरिया, अफगाणिस्तान अशा देशांतल्या लष्करी तळांच्या वाटा त्यात उजळून दिसत आहेत, कारण त्या ओसाड भागात असे अ‍ॅप लावून धावणारे बहुधा सैनिकच होते. गर्दी माणसाला लपवते, पण आधी गर्दी असावी लागते. एखाद्या लहानशा बागेत तीस धावपटूंमध्ये पंचाहत्तरीच्या एकच आजी असतील, तर नाव नसूनही त्या कोण, हे सर्वांना कळते.

यावर एक वाट आपल्या देवळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती म्हणजे गुप्तदान. रक्कम वहीत चढते, हिशेब चोख राहतो, पण नावाच्या जागी फक्त ‘गुप्तदान’ लिहिलेले असते. शेजारीच पायरीच्या फरशीवर दुसऱ्या दात्याचे नाव कोरलेले असते आणि त्यालाही कोणी नावे ठेवत नाही. मोजदाद समाजाची, नाव ज्याचे त्याचे. पार्करनमध्येही बारकोडशिवाय धावणाऱ्याचा क्रमांक मोजला जातो, पण नावाच्या जागी ‘अज्ञात’ असे येते. अर्थात मग त्याला स्वतःची वेळही मिळत नाही. धावणाऱ्याला आपली वेळ कळावी, संस्थेकडे नोंद राहावी आणि जगाला नाव दिसू नये, अशी सोय सर्वत्र असायला हवी.

त्यातही नाव झाकायचे कारण विचारू नये. जिला खरोखर भीती आहे, तिलाच ते सांगणे सर्वांत अवघड असते. यामुळे तक्त्यात काही जागा रिकाम्या राहतील आणि विक्रमांची यादी थोडी अपुरी पडेल. तेवढी किंमत समाजाने आनंदाने द्यावी. मात्र ज्याला आपली वेळ अभिमानाने दाखवायची आहे, त्यालाही ती दाखवू द्यावी. लपवण्याची सक्ती नको आणि दाखवण्याचीही नको.

मुलांच्या बाबतीत जबाबदारी आणखी मोठी आहे. ‘ज्युनियर पार्करन’मध्ये ४ ते १४ वयाची मुले धावतात. त्यांची नावे आपण आईवडील नोंदवतो. ती मोठी झाल्यावर म्हणाली, “माझे नाव काढा,” तर ते सहज निघाले पाहिजे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्याने अशी मागणी करण्याचा हक्क दिला आहे, पण कायद्याची वाट कशाला पाहायची?

आपल्या उत्सवातही मुलांच्या स्पर्धा होतात, निकाल भिंतीवर लागतात आणि फोटोंसह फोनवर फिरतात. यादी लावण्यापूर्वी पालकांना, आणि मूल जाणते असेल तर त्यालाही, एकदा विचारावे. विचारायला अर्धा मिनिट लागतो. कोणी ‘नको’ म्हटले तर त्याच्या पाठीवर तितक्याच प्रेमाने थाप मारावी आणि नावाची जागा मोकळी सोडावी.